आत्याची छत्री

कमलाआत्या रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की ओलं फडकं खांद्यावर टाकून शिडीने स्लॅबवर चढायची आणि टीव्हीची छत्री पुसायची. गाईचं तोंड पुसावं तशी, कडेपासून मध्यापर्यंत. छत्रीवर धूळ बसली तरी चित्राला काही होत नाही, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल. माझं रिसोडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा हे सांगायचा मला हक्क होता. ती म्हणायची, "तुह्या तोंडावर धूळ बसली तं तुले दिसत नाही का? तरी धुतोच ना?"

आत्या शिरपूरची. बोलायला फटकळ, हाताने सढळ. कुणी कुणाशी अबोला धरला की हिला जेवण जायचं नाही. नेमका तिच्याच घरात अबोला येऊन बसला. शेताचे हिस्से करताना तिचा थोरला मुलगा गजानन आणि धाकटा सुधाकर मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडले. मग घराचेही हिस्से झाले, अंगणात भिंत आली आणि मधली खोली आत्याकडे राहिली. सुना भिंतीवरून कढीपत्ता देत-घेत होत्या, पण भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. एक पोळा गेला, दुसरा गेला, तरी तेच. आत्या एकदा मला म्हणाली, "मी मेल्यावर हे दोघं खांदा देतीन रे बाबू. पन मुक्यानंच देतीन का?" एरवी मरणावरही चेष्टा करणारी आत्या त्या दिवशी हसली नाही.

वाटणीतून सुटली होती ती फक्त छत्री. दोघांनाही आता आपापली वेगळी हवी होती. आत्या ऐकेना. "छत्री माही हाय. तिचे हिस्से होनार नाहीत. आभाय एक हाय, छत्री बी एकच राहीन." मग तिन्ही घरांचे तीन टीव्ही त्या एका छत्रीला जोडायला तिने मला बोलावलं.

छत्रीसमोरच्या दांड्यावर जो छोटा डबा असतो, तो चार तोंडांचाही मिळतो. प्रत्येक तोंडातून वेगळी वायर काढायची, म्हणजे ज्याने त्याने आपल्या मनासारखं पाहावं. तो डबा मी सोबत नेला होता. पिशवीतून तो काढताना एका वायरीच्या तीन करणारा साधा जोडही बाहेर आला. हे काय, म्हणून आत्याने विचारलं. मी सांगितलं की हा लावायचा नसतो. चॅनेल दोन गटांत येतात आणि छत्रीवरचा जुना एका तोंडाचा डबा एका वेळी एकच गट देतो. एकाने दुसऱ्या गटातलं चॅनेल लावलं की बाकीच्यांचं चित्र जातं.

आत्याने हे माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे एकमेकाले इचारल्याबिगर पाहता येनार नाही?"

"नाही."

"मंग हाच लाव. आन कोनाले सांगू नको."

"आत्या, लोकं मले शिव्या देतीन."

"खाय मंग. माह्यासाठी खाय."

खाल्ल्या. गजाननने क्रिकेट लावलं की सुधाकरकडची मालिका ऐन लग्नात गायब व्हायची. दोघेही फोन करून मलाच झापायचे, आणि रिसोडच्या बाजारात माझी अब्रू जायची ती गेलीच. सुना शहाण्या. त्या भिंतीवरून विचारून घ्यायच्या, "वैनी, कोन्तं लावलं?" भाऊ मात्र आईला मध्ये घालू पाहायचे. ती साफ सांगायची, "मी का पोस्टमन हाव? देवानं तोंड देल्लं हाय, भिंतीवरून आवाज जाते."

मग एका मोठ्या मॅचच्या दुपारी मी शिरपूरला होतो. आत्या अंगणात तूर निवडत होती. गजाननकडे मॅच, सुधाकरकडे सिनेमा, आणि दोन्हीकडची चित्रं येत-जात होती. सुधाकर तणतणत त्याच्या शिडीने वर गेला, गजानन त्याच्या. आत्या मला म्हणाली, "वर पाहू नको." सुधाकरने छत्रीच हलवली, आणि तिन्ही टीव्ही एकदम काळे पडले.

"हालवली कायले बे?" गजाननचा आवाज आला.

"तू खाली जाय. येते का नाही थे सांग."

गजानन धडधडत खाली आला आणि आत्याच्या टीव्हीपुढे उभा राहून ओरडू लागला. "वाशीमकडं घे. लय झालं, जराक रिसोडकडं. थांब, आलं. गेलं. लहानपनापासून धड एक काम जमलं का तुले?"

"तूच ये ना मंग वर."

माझं दोन मिनिटांचं काम होतं. मी उठलो, तर आत्याने शर्ट धरून खाली बसवलं. "बस. मॅच पाहून राह्यली ना मी." टीव्हीवर तेव्हा काहीही दिसत नव्हतं. इतकी आनंदी आत्या मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीवरून हाक जायला लागली. धुऱ्याचा वाद काही मिटला नाही, पण आता दोघे तो समोरासमोर भांडतात.

मागच्या हिवाळ्यात आत्या गेली. मी मागच्या बाजूने खांदा दिला होता. पुढून सुधाकर म्हणत होता, "दादा, हळू. इथं पायरी हाय." मला एकदम रडू आलं.

तेरवी झाल्यावर मी दोघांना बसवून त्या जोडाचं सगळं सांगून टाकलं. आता नीट जोडणी करून देतो, म्हटलं. गजाननने उठून कपाटावरून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत चार तोंडांचा कोरा डबा होता.

"वाशीमच्या मेकॅनिकनं त्या मॅचनंतर हे सारं सांगतलं होतं," तो म्हणाला. "त्याच साली आनला."

"मंग लावला काहून नाही?"

गजाननने सुधाकरकडे पाहिलं. "लावला असता तं याले हाक कायले माराव लागली असती?"

सुधाकर हसला. "आन बुढीले वाटे, आमाले काही समजतच नाही."

आता लावू का, म्हणून मी विचारलं. "राहू दे," गजानन म्हणाला आणि त्याने खोकं परत कपाटावर ठेवलं. सुधाकरने दोरीवरचं फडकं ओलं करून खांद्यावर टाकलं आणि तो शिडी चढू लागला. गजानन खालून सांगत होता, "कडेपासून पूस. कडेपासून."