हजेरीतलं पहिलं नाव

लोधिवलीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमची बौद्धवाडी. गाव वर, आम्ही ओढ्यापलीकडे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलो आणि वाडीतल्या पोरापोरींना भरतीसाठी पळवायला लागलो. सुरुवातीला जुन्या हायवेच्या कडेनं पळवायचो. टेंपोवाले शिव्या घालून जायचे. गावाला मैदान होतं, पण ते जत्रेचं, आमच्यासाठी नाही. एका सकाळी पोरांना तिथंच रांगेत फॉल-इन केलं आणि सरपंचांना सांगून आलो, ज्याला उठवायचंय त्यानं माझ्याकडे यावं. कोणी आलं नाही. पुढं वरच्या आळीतली पोरंही येऊन रांगेत उभी राहू लागली. भरती सगळ्यांनाच हवी असते.

उजाडलं की आधी हजेरी. पहिलं नाव सुनीलचं. सगळी पोरं एका आवाजात म्हणायची, "हजर!"

सुनील माझा जोडीदार. एकाच वाडीतले, एकाच दिवशी भरती झालो. शाळेत दोन सुनील होते. वरच्या आळीतला तो नुसता सुनील आणि आमचा तो वाडीतला सुनील. मास्तर वाईट नव्हते, पण हाक अशीच मारायचे. ट्रेनिंग सेंटरला पहिल्या रोल कॉलला उस्तादनं त्याचं नाव पुकारलं, तेव्हा "हाजिर, उस्ताद" म्हणून झाल्यावर तो माझ्या कानाशी कुजबुजला, "दिल्या, नुसतं नाव घेतलं रं." त्या कुजबुजीपायी आम्ही दोघं पाठीवर जड पिठ्ठू घेऊन ग्राउंडला चकरा मारत बसलो. तो सारा वेळ हसत होता. असा चक्रम माणूस.

आमची एकत्र शेवटची पोस्टिंग उत्तरेत, बर्फातली पोस्ट. दिवस ठरलेला असायचा. बर्फ उपसायचा, हत्यार साफ करायचं, ड्युटी, रोल कॉल. त्या दिवशी सुनील गस्तीच्या तुकडीबरोबर खाली गेला होता. मी रेडिओ सेटवर. दुपार टळली होती.

"चार्ली वन, लोकेशन बताओ. ओव्हर."

"नाला पार कर रहे हैं. सब ठीक. ओव्हर."

मग नियम मोडून तो मराठीत बोलला, "दिल्या, चहा ठेव रं."

मी बटण दाबून त्याला झापणार होतो. त्याआधी डोंगरातून दबका आवाज आला, दूर कुठं पोती पडावीत तसा. नंतर सेटवर नुसती खरखर. मी पुकारत राहिलो. चार्ली वन, चार्ली वन. शेवटी साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला. बाकीचे तिघं बर्फाखालून जिवंत निघाले. सुनील सगळ्यात पुढं होता.

संध्याकाळी रोल कॉलला हवालदार मेजरनं त्याचं नाव पुकारलं आणि सगळ्या कंपनीनं उत्तर दिलं, "हाजिर." आमच्याकडे तशी रीत होती. गेलेल्या गड्याला गैरहजर म्हणायचं नाही.

ती रीत मी मैदानावर आणली. मला वाटलं, ज्या गावानं त्याला नुसत्या नावानं हाक मारली नाही, तिथंच रोज त्याचं नाव गाजू दे. खरं सांगायचं तर ते माझ्यासाठीही होतं. अजून चुलीवर चहाचं आधण ठेवलं की मला ती खरखर ऐकू येते. पोरं "हजर" म्हणाली की घटकाभर थांबते.

रांगेत सगळ्यात मोठा आवाज सोनालीचा. सोनाली सुनीलची मुलगी. बाप गेला तेव्हा धड चालतही नव्हती. आता पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटरला पोरं तिच्या मागं पडायची, आणि ती त्यांना चिडवायची, गुडघ्यांना तेल घाला रं म्हणून. मैदानी चाचणीचं बोलावणं आलं आणि तिची आई आडवी आली. वंदनावहिनी रसायनीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. एक दिला, दुसरी देणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. आईच्या मनाविरुद्ध जाणार नाही, असं सोनालीनं मला सांगितलं. चाचणी तोंडावर आलेली. वहिनीला समजावायला दोनदा गेलो, दोनदा चहा पिऊन हात हलवत परत आलो.

मग एका सकाळी ती पोरीला न्यायला थेट मैदानावर आली. नेमकी हजेरी चालू होती. मी नाव पुकारलं. पोरांनी उत्तर दिलं. वहिनी जागच्या जागी थिजली. एरवी पहाटेच कामाला जायची, हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता.

"हे रोज करता, भाऊजी?"

मी हो म्हणालो. फौजेतला मान आहे म्हणालो.

"मान तुमच्या फौजेत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ते हजर नायत. घरात मी रोज बघते, नायत ते. आणि माझी पोर रोज बापाच्या जागी उभी राहून हजर म्हणते. तिला तिची जागा नाय का?"

सोनाली रांगेतून बाहेर आली. घरी ती कायम भरती म्हणजे पप्पांचं स्वप्न असं बोलायची. तसं बोलायला मीच शिकवलं होतं.

"आई, मला भरती व्हायचंय," ती म्हणाली. "पप्पांसाठी नाय गं. माझ्यासाठी."

वहिनी तिच्यासमोर खाली बसली. तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली, लहान पोरीची बांधावी तशी. जा म्हणाली. मला म्हणाली की पोरीला पाठवीन, पण ती हजेरी बंद.

दुसऱ्या दिवसापासून मी ते नाव घेतलं नाही. खरखर पुन्हा सुरू झाली. आता ती मैदानावरही यायची.

सोनालीची निवड झाली. ट्रेनिंगला निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन शेवटची हजेरी द्यायला आली. वहिनीही आली. रांगेच्या टोकाला पदर खोचून उभी राहिली.

"भाऊजी, आज घ्या त्यांचं नाव."

मी पुकारलं. नुसतं नाव. सुनील.

पोरं तोंड उघडणार तोच वहिनीनं हात वर केला. माझ्या कानात खरखर चालू होती. मग वहिनीच बोलली.

"गैरहजर."

इतक्या वर्षांत त्या हाकेला कोणी खरं उत्तर दिलं नव्हतं. मला रडू आलं आणि पोरांसमोर मी डोळे पुसलेही नाहीत. मग पुढचं नाव घेतलं.

"सोनाली."

"हजर, सर."