गुद्रूनची पट्टी

गुद्रून थोरसेनला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याबद्दल ती कधी कुणाजवळ रडली नाही. साठीनंतर कानही मंदावले. जवळ येऊन मोठ्याने बोललेलं कळायचं, पण काँप्युटरचा चिरका आवाज काही कानात शिरत नसे. मग उरली बोटं. काँप्युटरला वायरने जोडलेली हातभर लांब एक ब्रेल पट्टी तिच्याकडे होती. पडद्यावरच्या ओळी त्या पट्टीवर बारीक ठिपक्यांनी वर यायच्या, आणि गुद्रून त्या बोटांनी वाचायची. खाडीकाठच्या त्या शंभरेक घरांच्या पाणी संस्थेची ती एकोणीस वर्षं सचिव होती. कुठला पाइप कधी फुटला आणि तेव्हा कोण काय बोललं, सगळं तिच्या इतिवृत्तात सापडायचं.

यंदा नगरपालिकेने तिला नवा काँप्युटर दिला आणि कटकट सुरू झाली. पाच मिनिटं हात लागला नाही की तो झोपायचा, आणि झोपताना पट्टीची वीजही तोडायचा. बटण दाबून त्याला जागं केलं तरी पट्टी मेलेलीच. झोपेची वेळ वाढवावी, तर त्या जागी नगरपालिकेचं कुलूप. तिने मदतीच्या नंबरवर फोन केला.

"पडद्यावर काय दिसतंय?" तिकडच्या माणसाने विचारलं.

"अरे बाबा, मला दिसत असतं तर तुझं डोकं कशाला खाल्लं असतं?"

तिसऱ्या दिवशी फोनवर एक शहाणी बाई भेटली. वायर जिथे खुपसतो त्या भोकाच्या नावापुढे एक खूण असते, झोपताना इथली वीज तोडायला परवानगी आहे अशी. ती काढून टाक, म्हणाली. गुद्रूनने काढली. काँप्युटर झोपला, पट्टी जागी राहिली. तिने अकरा वेळा त्याला झोपवून पाहिलं आणि मगच तिचा जीव भांड्यात पडला.

मार्चमधल्या शनिवारी दुपारी वार्षिक सभा भरली. गुद्रून आपल्या जागी यंत्र मांडून बसली, तशी कॉफीवाली बोडिल तिच्या कानाशी आली.

"गुद्रून, जरा तिकडे सरक ना. केकचा ट्रे इथेच मावतो."

ती सरकली. ट्रे काँप्युटरच्या उजव्या अंगाला चिकटून बसला, म्हणून तिने वायर उपटून डाव्या बाजूला खुपसली. भोक ते भोक, त्यात काय एवढं. मग रिवाजाप्रमाणे गाणं झालं, सातही कडवी. मग कॉफी झाली. मग अध्यक्ष एगॉनने चमचा वाजवला.

"सचिवांनी मागचं इतिवृत्त वाचावं."

गुद्रूनने पट्टीवर बोटं ठेवली. रंधा मारलेल्या फळीसारखी सपाट. तिने बटण दाबलं, यंत्र गुरगुरत जागं झालं. पट्टी गार.

एगॉन तिच्या कानाशी वाकला. "राहू दे गं. मी वाचतो. आणि खरं सांगू का, पुढच्या वर्षीपासून हे काम आपल्या खजिनदार योर्नला देऊ. उगाच तुझ्या जिवाला त्रास."

"माझ्या जिवाला काही झालेलं नाही. तुझीच घाई उतू चाललीय. थांब जरा."

तिने वायर चाचपली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खूण निघाली होती ती फक्त उजव्या भोकाची. प्रत्येक भोकाचा कायदा निराळा, आणि त्या मेल्या यंत्राने हे सांगायचीही तसदी घेतली नव्हती! तिने वायर उपटली, उजवीकडे हात घातला आणि मनगटापर्यंत केकचं क्रीम लागलं.

"बोडिल, उचल तो केक!"

माणसं हसली. तिने वायर खुपसली. पट्टीला उठायला दोनेक मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात एगॉन मोठ्याने म्हणाला, "योर्नच्या बाजूचे हात वर करा."

खुर्च्या करकरल्या. गुद्रून उभी राहिली. क्रीम बाहीत ओघळत होतं.

"हात? एगॉन, मला हात दिसत नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत आहे. चिठ्ठ्या टाका. एका जरी सभासदाने मागितल्या तरी टाकाव्या लागतात. नियम वाचून दाखवू?"

"वाचणार कशावर?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात बोटांखाली ठिपके उठले. तापत्या पाण्यात बुडबुडे यावेत तसे, एकेक. तिने नियम वाचला. मग मागचं इतिवृत्तही वाचलं, सगळंच्या सगळं, पंपाच्या वॉशरपर्यंत. एगॉन तीनदा खाकरला तरी एक ओळ गाळली नाही.

चिठ्ठ्या मोजल्या. गुद्रून एकोणीस, योर्न पंधरा.

"बघ, तूच राहिलीस," एगॉनने तिचा खांदा थोपटला. "आता तरी हस."

गुद्रून हसली नाही. काँप्युटर झोपला तर झोपो, पट्टी जागी होती. पण पंधरा! या पंधरा जणांच्या अंगणातला एकेक पाइप तिला तोंडपाठ होता, आणि एका वायरीपायी त्यांनी तिला मोडीत काढलं होतं. तिने आकडे टाइप केले, बाजूने आणि विरुद्ध. 'आभार मानून सभा संपली' ही दरवर्षीची ओळ तिच्या बोटांना पाठ होती. यंदा तिने लिहिलं, 'सभा संपली.'