उसातल्या वाटेने बोलत यायचं

बाळांनो, तुमची मामेबहीण फोनवर गप्प बसते म्हणून तुम्ही तिला चिडवता. तो दोष माझा आहे.

तिचे आईवडील पुण्याला नोकरीला, म्हणून ती चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि वर्गातली शिस्त घरातही लावली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, रस्त्यात आवाज चढवायचा नाही. इथे वारूळवाडीत तिचं कौतुक व्हायचं, मला बरं वाटायचं.

पण आमच्या घराची वाट उसातून येते आणि उसात बिबट्या असतो. म्हणून इथली मुलं शिकवणीहून येताना मुद्दाम मोठ्याने बोलत येतात. माणसांचा आवाज असला की तो सहसा पुढे येत नाही.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी शेजारणीची चार मुलं गलका करत आली. आपली मात्र दिसेना.

“ती कुठं ऱ्हायली रे?” शेजारणीने विचारलं.

“मागंच व्हती. बोलतच न्हाई ती, ध्यानातच ऱ्हात नाय,” थोरली म्हणाली.

अंधारून आलं होतं. मी बॅटरी घेऊन फाटकाशी गेले. हाक मारायला तोंड उघडलं, पण रस्त्यात ओरडायची मलाही सवय नव्हती. शेवटी शेजारीणच ओरडली, “ए पोरी, ओ दे की गं!”

नुसता ऊस सळसळला. आम्ही दोघी वाटेने निघालो. ती हाक मारत होती, मी बॅटरी फिरवत होते. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला पाठ टेकून पोर उभी होती. उसात काहीतरी खसफसलं म्हणून थांबली होती. प्रत्येक हाक तिने ऐकली होती.

“मग ओ का दिली नाहीस?”

“आजी, तूच म्हणतेस ना, रस्त्यात ओरडायचं नाही.”

“बाई, लई कडक वळण तुमचं,” शेजारीण म्हणाली. “बिबट्या आला तरी आधी वर्गातल्यावानी हात वर करंल ही!”

मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला ओरडायला शिकवू लागले. काय बोलावं हेच तिला सुचेना, म्हणून बाराचा पाढा म्हणत यायला सांगितलं. मुलं आधी हसली, मग सगळीच तिच्याबरोबर म्हणू लागली. रोज मी फाटकाशी उभी राहून तो पाढा ऐकते.

परवा ‘बारा साती’वर आवाज एकदम तुटला. मी बॅटरी घेऊन अनवाणीच धावले. वळणावर पाचही जण उभे होते. थोरलीने काहीतरी सांगितलं होतं आणि तुमची बहीण पोट धरून हसत होती.

“आजी, आम्ही गप्पा मारतोय गं!” ती तिथूनच ओरडली.

मी ‘बरं’ म्हणाले. बॅटरीचा उजेड मात्र उसावर फिरवत राहिले.