दोन दत्तू जाधवांच्या तारखा

कल्याणला जाणारी एसटी आमच्या तालुक्याच्या स्टँडवरून पहाटेच सुटते. त्या दिवशी मी मांडीवरची रेक्झिनची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा सुचवलं, "वर ठेवा की, मोकळं बसा." मी ठेवली नाही. पिशवीत आईच्या लग्नाचा फोटो होता आणि मामाच्या डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स होत्या. बसने वळण घेतलं की मी चेन लागली आहे ना, हे चाचपून बघत होतो.

या लेखातली नावं आणि नंबर मी बदलले आहेत. का बदलले, ते पुढे कळेल.

फौजेतून सुटताना जवानाला एक छोटं पुस्तक मिळतं. भरती कधी झाला, सुटला कधी, वर्तणूक कशी होती, सगळं त्यात असतं. माझा मामा, दत्तू जाधव, 'नाव कापून' (मुदत संपण्याआधी स्वतः अर्ज करून) घरी आला होता. नाव कापून आलेल्याला पेन्शन नसते, अशी आमच्या गावच्या फौजींची पक्की समजूत. मामाने ती कधी तपासली नाही. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात नोकरी लागली, फौजेत असतानाच लग्न झालेल्या मामीला तिथे आणून संसार मांडला, पुढे कारखाना बंद पडला. खरा नियम असा, की नोकरी पंधरा वर्षं भरली असेल तर नाव कापलेल्यालाही पेन्शन मिळते आणि त्याच्यामागे बायकोला. मामाच्या पुस्तकात ती तेरा भरतात. पण भरतीची जी तारीख तिथे आहे, तिच्या वर्षभर आधी माझ्या आईचं लग्न झालं, आणि लग्नाच्या फोटोत मामा बारीक केस कापलेला, वर्दीत, पाहुण्यांच्या मागे ताठ उभा आहे.

ही तफावत माझ्या ध्यानात आली त्याला बरेच दिवस झाले. दिवाळी होऊ दे, मुलांच्या परीक्षा होऊ देत, असं करत मी ते ढकलत राहिलो. मग मामीचा फोन आला, की डॉक्टरांनी मामाचं हृदय दमलंय असं सांगितलंय. मामा-मामींना मूलबाळ नाही. मामाच्या मागे मामीचं काय, हा प्रश्न त्या फोनवर दोघांनीही काढला नाही.

शिळफाट्याला गाडी अडकली ती अडकलीच. डावीकडे डोंगर कापून काढलेले मुरमाचे कडे, समोर डोंबिवलीच्या बाजूला उभे राहिलेले पंचवीस-तीस मजल्यांचे मनोरे, आणि मधल्या रिकाम्या तुकड्यात कुणीतरी निवांत म्हशी धूत होतं. कल्याणला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रिक्षावाल्याने पिशवीकडे बघून विचारलं, "काका, कोर्टाचं काम काय?"

"नाही. का?"

"पिशवी अशी धरलीय तुम्ही, मला वाटलं जामीनबिमीन आहे." आणि शहाडच्या पुलाकडे रिक्षा काढत स्वतःच हसला.

मोहन्यात शिरताना आधी कारखान्याच्या चिमण्या दिसतात. धूर नाही, पक्षी बसलेले. मामी दारातच होती. शेजारच्या आगरी बाईंनी निवटे (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) दिले होते, त्यांचं कालवण झालं होतं. मला जेवण जाईना. मामा मात्र काटे बाजूला रचत म्हणाला, "खा रं. उद्या ठाण्याला जायाचंय, लढाईला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडून, कोनगावमार्गे ठाण्याला गेलो. ओहोटी होती. चिखलात बगळे आणि काठाला रेतीच्या जुन्या होड्या. मामा लहान मुलासारखा खिडकीतून बघत होता. मी मामाच्या छातीकडे बघत होतो, श्वास नीट चाललाय ना.

माजी सैनिकांच्या कार्यालयात एक निवृत्त सुभेदार बसतात. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नंबर?"

इतका वेळ माझा दंड धरून उभा असलेला मामा एकदम सुटला. टाचा जुळल्या, हनुवटी वर गेली, आणि न अडखळता सगळा नंबर बाहेर आला. शेवटचे आकडे होते चौतीस.

सुभेदारांनी फोटो बघितला, परत दिला. "तुमचं खरं असेल हो. पण रेकॉर्ड ऑफिस फोटोला सलाम करत नाही. फोटोवर तारीख कुठाय?" मग ते थोडा वेळ पुस्तक चाळत बसले. "जाधवसाहेब, कंपनीत याच नावाचा अजून कोणी होता का?"

मामा खळखळून हसला. "होता की! एकसष्ट!"

फौजेतली ही पद्धत मला तिथे पहिल्यांदा कळली. एका कंपनीत चार शिंदे, सहा पवार असले, की नावाने हाक मारून उपयोग नसतो. मग नंबराचे शेवटचे दोन आकडे हेच नाव होतं. पंधरा वर्षं मामाला कुणी दत्तू म्हटलंच नव्हतं. आणि दुसरा दत्तू जाधव, एकसष्ट, मामाच्या दोन वर्षं मागून भरती झालेला, मामाच्याच दिवशी नाव कापून मामाच्याच गाडीने घरी आला होता.

"मग झालं," सुभेदार म्हणाले. "दोघांची कागदं एका दिवशी, एका टेबलावर. नंबर बरोबर उतरले, तारखा इकडच्या तिकडे. त्यांच्या पुस्तकाची कॉपी आणा आणि त्यांचं शपथपत्र. माणूस आहे का?"

"इठ्ठलवाडीला व्हता," मामा म्हणाला. "लई वर्षं झाली. आधी भेटायचा, मग येईनासा झाला."

वर्तकनगरात एका छोट्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. वसाहतीतल्या बायका भाजी घेत होत्या, पोरांचं क्रिकेट चाललं होतं, आणि मला कित्येक दिवसांनी भूक लागली होती. काम होणार, असं वाटत होतं. दुसऱ्याच्या पुस्तकात मामाची तारीख निघाली तर त्या दुसऱ्याचं काय, हा अगदी सरळ प्रश्न त्या मिसळीवर माझ्या मनात आला नाही. कागदात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात तो यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी विठ्ठलवाडी. स्टेशनच्या बाजूने आत गेल्यावर गल्ल्या अरुंद होत जातात, दुतर्फा जीन्स शिवणारी मशिनं घरघरत असतात. मामाने एका पानवाल्याला विचारलं, "फौजी जाधव?" त्याने बोटानेच घर दाखवलं. दारावर निळी पताका, आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. खाटेवर एक अंग लुळं पडलेला, लांबोडका म्हातारा. त्याच्या सुनेने, सुनंदाताईंनी, आम्हाला आत घेतलं.

मामा खाटेपाशी गेला आणि ओरडला, "एकसष्ट! सावधान!"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "चौतीस? मेला न्हाईस अजून?"

"तुझी वाट बघतोय. तू कायम मागंच. परेडला बी मागं, जेवायला तेवढा फुडं."

"आन् तू? बर्फात माझं मोजं चोरलंस ते आधी दे!"

सुनंदाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "दादा, बाबा इतकं बोलले नाहीत हो महिन्यात." त्यांनी पोहे केले. मिस्टर टेम्पो चालवतात, काम कधी असतं कधी नसतं, असं सांगता सांगता म्हणाल्या, "बाबांच्या पेन्शनवर घर उभं आहे खरं तर."

मी बशी खाली ठेवली. मी पुस्तकाचं विचारलं. फक्त एक कॉपी हवी, मामाच्या कामाला, असं म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांनी लगेच कपाटातून काढून दिलं. "काढा ना फोटो. त्यात काय लपवायचंय!"

भरतीची तारीख आईच्या लग्नाआधीची होती. मामाची तारीख. मी फोटो काढले. पहिला हलला, म्हणून दुसरा काढला. दोन म्हातारे एका जुन्या हवालदाराची नक्कल करत हसत होते आणि मी त्याच घरचे पोहे खाऊन त्यांचं छप्पर खिशात घालत होतो.

गल्लीत आल्यावर मला राहवेना. मशिनांच्या आवाजात मी मामाच्या कानाशी लागून सांगितलं. हा कागद दिला तर तुझी पंधरा भरतात. एकसष्टची तेरा होतात. त्याची पेन्शन बंद होईल, घेतलेली परत मागतील.

मामा भिंतीला टेकला. मला वाटलं, आता इथेच काही होतंय. पाणी आणायला निघालो तर मामाने मनगट धरलं.

"त्याला ठावं हाय?"

"माहीत नाही."

"मग चल माघारी. त्याच्या पाठीमागं न्हाई करायचं."

सुनंदाताई नळावर गेल्या होत्या. मामाने खाटेवर बसून सगळं दोन वाक्यांत सांगितलं.

"पेन्शनीचा कागद पोस्टानं आला," एकसष्ट छताकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, सरकारनं मेहेरबानी केली. मग एका कारकुनानं वाचून दाखवलं, भरतीची तारीख तुझी व्हती. तवापासनं तुझ्याकडं यायचं बंद केलं. तुला बी मिळत असंल, असं मनाला सांगायचो. इचारलं मात्र न्हाई कधी."

मामाने त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"आण कागद. अंगठा देतो. माझी म्हातारी गेली, माझ्यामागं पेन्शन खाणारं कोण न्हाई. तुझी बायको हाय."

"आन् तुझी सून? ती काय हवा खाणार?"

मशिनांची घरघर तेवढी येत होती. मग मामा माझ्याकडे न बघताच बोलला, "अंगठा दे. पर हा कागद तू जित्ता हाईस तवर हालायचा न्हाई. तू गेल्यावर हा पोरगा ठाण्याला नेऊन दील."

"आन् तू आधी गेलास तर?"

"तर माझी बायको थांबंल. थांबायची सवय हाय तिला. फौजीची बायको हाय."

"चौतीस, येडा हाईस."

"मग मर की लौकर!" मामा म्हणाला, आणि दोघं इतके हसले की एकसष्टला ठसका लागला. मी त्याला पाणी पाजलं.

मी म्हटलं, मामा, हे नियमात बसत नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेत कारकून आहे. असा कागद दडवला म्हणून मी इतरांना नोटिसा काढल्या आहेत. मामा म्हणाला, "मग काढ मला नोटीस."

दुसऱ्या दिवशी कल्याणहून नोटरीला रिक्षात घालून आणलं. एकसष्टने डाव्या हाताचा अंगठा उठवला. सुनंदाताईंनी विचारलं, कसला कागद? एकसष्ट म्हणाला, "चौतीसच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला. कुणी देत नव्हतं, म्हणून मी दिला."

मोहन्याला परतताना मामाने बजावलं, "हिला सांगू नगंस. ऐकलं तर ही इठ्ठलवाडीला जाऊन रडंल." मामीला आम्ही सांगितलं, कागद वर गेलाय, वेळ लागेल. तिने मला निघताना सुक्या बोंबलांची पुडी दिली आणि पाठीवरून हात फिरवला. "माझ्यासाठी किती वणवण केलीस रे." मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

परतीच्या गाडीत पिशवी पुन्हा मांडीवरच होती. ठाणे, कल्याण, विठ्ठलवाडी, इतकाच माझा प्रवास. लोक याहून लांब फिरायला जातात आणि सांगण्यासारखं बरंच आणतात. मी एक बंद पाकीट आणलं आणि त्याबरोबर एका भल्या माणसाच्या मरणाची वाट बघण्याचं काम. जाताना काळजी एकाच म्हाताऱ्याची होती, येताना दोघांची झाली. त्यातल्या एकाची काळजी करताना दुसऱ्याचं वाईट चिंतल्यासारखं होतं.

त्याला आता काही महिने झाले. दोन्ही म्हातारे आहेत. परवा मामीचा फोन आला होता. मामाचे पाय सुजतात, जिना चढवत नाही, म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्या कामाचं काही कळलं का रे? रोज दिवा लावताना तेवढंच मागते बघ. म्हटलं, देवा, जे काही मधे अडलंय ते लवकर दूर कर."

"मामी, असं मागू नकोस."

"का रे? त्यात वाईट काय आहे?"

लाइन तुटतेय असं सांगून मी फोन ठेवला आणि विठ्ठलवाडीला लावला. सुनंदाताईंनी उचलला. बाबा मजेत आहेत, म्हणाल्या, आत्ताच दुसरा कप चहा मागून घेतला. ऐकून जीव भांड्यात पडला. आणि मग मामीला पुन्हा फोन करून तिचं राहिलेलं बोलणं ऐकून घ्यायचं माझ्याने झालं नाही.