गिरडच्या पायऱ्या

माझ्या मुलाच्या पोटऱ्यांचं सगळ्यांना मोठं कौतुक होतं. त्याला चौथं लागलं तेव्हाच त्या अशा भरल्या होत्या की शेजारच्या बाया त्याला जवळ ओढून दाबून बघायच्या. "पयलवान होते हा पोट्टा," म्हणायच्या. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या बाया गेल्या की लगेच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या.

खाली बसलेला तो उठायचा कसा, तेही आम्ही रोज बघत होतो. आधी जमिनीला हात टेकायचा, मग गुडघे धरायचा, मग मांड्या, आणि असा स्वतःच्याच अंगावरून वर चढत उभा व्हायचा. मला तो आळस वाटायचा. "नीट उठ न, म्हाताऱ्यासारखा काय करतं?" असं मी त्याला कितीदा बोलले असेन.

आम्ही तेव्हा पिपरी मेघेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे जवळच्याच एका खेड्यात मास्तर होते. सासरे वारल्यापासून आत्याबाई आमच्याकडेच असत. आम्हाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी गिरडच्या दर्ग्याला नवस बोलला होता. मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर तो फेडायला आम्ही चौघं गेलो. टेकडी उतरताना त्याचा हात आत्याबाईंच्या हातात होता. तो हात सुटला आणि मुलगा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. कपाळाला खोक पडली, दोन्ही गुडघे सोलले. आत्याबाई तिथंच बसून कपाळ बडवायला लागल्या. बऱ्याच वेळानं, त्याला फुटाणे दिल्यावर तो हसला, तेव्हा कुठं त्या उठल्या.

त्यानंतर तो फारच पडायला लागला. वर्षभरात शाळेतल्या पोरांनी त्याला खेळायला घेणं बंद केलं. मग आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि फक्त म्हणाले, "उठ बरं बेटा." तो नेहमीसारखा मांड्यांवर हात ठेवत उठला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा बसवलं, पुन्हा उठवलं. मग त्याला बाहेर नर्सजवळ पाठवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या माहेरी कुणा मुलाला असं होतं का? भाऊ, मामा?"

मला भाऊ होता. माझ्याहून बराच मोठा. मला आठवतो तो अंगणातल्या बाजेवर पडलेलाच. आई त्याला उचलून संडासला न्यायची. मी लहान असतानाच तो गेला, आणि आमच्या घरी पुन्हा त्याचं नाव निघालं नाही. मी म्हणाले, "होता. त्याचे पाय गेले होते."

डॉक्टरांनी मान हलवली. हा आजार आईच्या रक्तातून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. अजून तीनचार वर्षांनी त्याचं चालणं थांबेल. मग हात जातील. मग श्वास. औषध नाही. "यात तुमचा दोष नाही," असंही ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी यांच्याकडे बघून म्हटलं होतं. यांनी ऐकावं म्हणून असेल.

घरी परतताना एसटीत मुलगा यांच्या मांडीवर झोपला होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आईले हे सांगू नको."

"अन् त्यायनं विचारलं तं?"

"पायातली ताकद जाऊन राह्यली, एवढंच सांगू. आई तुले जगू देणार नाई."

आम्ही एवढंच सांगितलं. बाकीचं आत्याबाईंनी स्वतःच जुळवलं. "माह्या हातून पडला न तो," त्या म्हणाल्या. "तवाच शीर तुटली त्याची." हे खाली बघत राहिले. मी चहा टाकायला आत गेले. 'नाही' एवढा एक शब्द तेव्हा पुरला असता.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी चप्पल सोडली. "माहा राजा चालंन तवाच घालीन," म्हणाल्या. वर्ध्याचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं काय सांगू? मे महिन्यात दुपारी डांबर वितळायचं आणि ही बाई त्यावरून अनवाणी दळण घेऊन यायची. मी चप्पल पुढं केली की म्हणायच्या, "ठेव तिकडं."

ते आणीबाणीचे दिवस होते. मास्तर लोकांच्या मागं नसबंदीचा तगादा होता, त्यामुळे यांनी ऑपरेशन करून घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, जबरदस्ती झाली. आत्याबाईंनी सरकारला दिवसभर शिव्या घातल्या. मला एकटीला माहीत होतं की हे आपल्या पायांनी गेले होते. आणखी एक मुलगा झाला तर तोही असाच निघेल, या भीतीनं. ऑपरेशन मी करून घेते, असं मी म्हटलं होतं. हे म्हणाले, "तुह्यावर बोट जाईन." त्यांनी माझ्यासाठी केलेल्या अशा एकेका गोष्टीखाली मी दबत गेले. भांडले असते तर बरं, असं मला कितीदा वाटलं. ते भांडलेच नाहीत.

मुलगा दहाव्या वर्षी चालायचा थांबला. आत्याबाई त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायच्या, तो जड झाला तेव्हा हे त्याला सायकलवर न्यायचे. सातवीनंतर तेही जमेना. मग तो दारातल्या खाटेवर बसून असायचा आणि गल्लीतली पोरं त्याच्याकडे गणितं सोडवायला यायची. गणितात तो हुशार होता आणि तोंडानं फटकळ. एखाद्याचं उत्तर चुकलं की म्हणायचा, "माहे पाय गेले, तुहं डोस्कं गेलं." पोरं हसायची, आणि पुन्हा यायची.

एका दुपारी आत्याबाई बाहेरून लंगडत आल्या. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मी सुई घेऊन त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाच एवढ्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. भेगा इतक्या खोल होत्या की काटा कोणत्या भेगेत आहे हे सापडेना. सुई टोचली तरी त्यांना कळत नव्हतं. माझे हात थांबले.

"काऊन? नाई निघत?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तो गिरडले पडला म्हणून नाई झालं हे. हे माह्यातून आलं त्याले. माहा भाऊ असाच गेलता. डाक्टरनं तवाच सांगतलं होतं."

त्यांनी पाय ओढून घेतला. मग म्हणाल्या, "यालेबी माहीत होतं?" म्हणजे यांना, त्यांच्या मुलाला. मी हो म्हटलं.

"अन् तुमी दोघं मले उन्हात जयतानी पाहून राह्यले? इतके वर्स?"

तेवढ्यात खाटेवरून मुलगा बोलला. तो ऐकतो आहे हे आम्ही दोघी विसरलो होतो. "आजी, तू हात सोडलाच नव्हता. मीच सोडवला. मले माकडं पाह्याचे होते."

"मंग बोलला काऊन नाई रे?"

"मले कोनं विचारलं कवा?"

पाचव्या वर्षीचं त्याला खरंच आठवत होतं की आजीसाठी त्यानं ते त्या क्षणी रचलं, मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही. आपल्या आजाराचं बाकीचं जे त्यानं त्या दिवशी ऐकलं, त्याबद्दलही तो माझ्याशी कधी बोलला नाही.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नणंदेच्या गावी निघून गेल्या. यांनी अडवलं, पाया पडले. त्या यांच्याशी बोलल्यासुद्धा नाहीत. घर नुसतं खायला उठलं. मुलगा रोज विचारायचा, आणि मी रोज काहीतरी सांगायची. महिना होऊन गेला, थंडी पडली, आणि एक दिवस त्या डोक्यावर ज्वारीच्या कणसांचं गाठोडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तुह्यासाठी नाई आली मी. त्याले हुरडा खाऊ घालाले आली." गाठोडं खाली ठेवलं आणि थेट खाटेपाशी गेल्या.

त्याच आठवड्यात शेजारची एक बाई बसायला आली. इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "असं आईच्या घराण्यातून येते म्हनते न हो, माय?" कुठून ऐकलं तिनं, देव जाणे. मी सुपातली तूर पाखडत होते, ती पाखडतच राहिले.

आत्याबाई बाजूलाच वाती वळत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "कायचं येते?" त्या म्हणाल्या. "माह्या हातून पडला तो. गिरडच्या पायऱ्यावर. पूस कोनालेबी."

बाई गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या उठून अंगणात गेल्या. त्या दिवसानंतर कुणी काही विचारलं की त्या हेच सांगायच्या, आणि मी तिथं असूनही गप्प बसायची. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. आता सगळं माहीत असून त्या माझं ओझं उचलत होत्या, आणि मी ते उचलू दिलं.

सतराव्या वर्षी तो गेला. शेवटच्या वर्षात त्याला कूसही बदलता येत नव्हती. रात्रभर थोड्या थोड्या वेळानं तो "आई, वळव" म्हणायचा, आणि कधी कधी मी झोपेत चिडून त्याला जोरात वळवायची. तो हू की चू करत नसे. हिवाळ्यात छातीत कफ झाला, तो सुटेना. दुपारची वेळ होती. हे त्याला पाठीशी धरून बसले होते, आत्याबाई त्याचे तळवे चोळत होत्या. मी आलं-तुळशीचा काढा गाळत होते. यांनी मला हाक मारली तेव्हा गाळणी हातातच होती.

सगळं उरकल्यावर त्या रात्री मी भिंतीशी टेकले आणि डोळा लागला तो लागलाच. कुणी उठवलं नाही. जागी झाले तेव्हा अंगणात ऊन उतरलं होतं. किती वर्षांनी मी अशी सलग झोपले होते. अंग हलकं वाटत होतं, आणि मग मला कळलं की ते का हलकं वाटतंय. मी तोंडात पदर कोंबला.

आत्याबाई चुलीशी होत्या. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. त्यांना काही समजलं की नाही, सांगता येत नाही. "झोपली का नाई?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मंग पे," त्या म्हणाल्या. "घरात मान्सं येतीन आता."