थेंबातली मेंढी

पडद्यावर आलेखाचं एकेक शिखर उमटत होतं. एका लहान मुलीच्या पाठीतून काढलेलं थेंबभर पाणी होतं ते. त्यातल्या प्रथिनांचे तुकडे कॉलम नावाच्या बारीक नळीतून काही आधी, काही नंतर असे बाहेर पडतात, मग यंत्र त्यांचं वजन करतं आणि त्यावरून आम्हाला नावं कळतात. आम्हाला एकच नाव हवं होतं, तिच्या आजाराची खूण सांगणारं. सगळ्यात उंच शिखरापुढे आलं केराटिन, म्हणजे केसांतलं प्रथिन. प्राणी : मेंढी.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मृणालने स्वेटरची बाही कोटाच्या आत ढकलली. "एसी फार गार असतो ना," ती म्हणाली. "आईने विणून दिलाय."

लोकरीचा डोळ्यांना न दिसणारा एखादा तंतू, आणि त्याच्या गलक्यात त्या मुलीच्या शरीराचं बारीक बोलणं बुडून गेलं. यंत्राचा काही दोष नाही, समोर येईल ते तोलणं एवढंच त्याला ठाऊक. अंगावरून आपण काय काय सांडत हिंडतो, केस, कातडी, कुणी मायेने पांघरवलेली ऊब, ते आपल्याला तरी कुठे कळतं.

फोन वाजला. मुलीचे डॉक्टर होते.

"मॅडम, नमुना पुरला ना? तिला पुन्हा सुई टोचायचा धीर होत नाही हो."

नमुन्याची कुपी रिकामी झाली होती.

"पुरला," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मी पुढे काय सांगते याची वाट पाहू लागले.