साडूची साडेसहाशे

माझा साडू बडोद्याजवळ करजणला पंपाचं दुकान चालवतो. शेतातल्या मोटारी, पाइप, व्हॉल्व, असलं सगळं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे सासरचा धाकटा जावई, थोरला मी. त्याला समोर मी ‘तुम्ही’ म्हणतो. मनात कधी म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यानं मोठी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. जपानी कंपनीची, दोन सिलिंडरची, साडेसहाशे सीसी. तोवर बडोद्यात असली गाडी मी दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा पाठमोरी. ती दोन रूपांत मिळायची. एकीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं कवच, वर वारा अडवायला काच, ती फेअरिंगवाली. दुसरीला यातलं काही नाही. इंजिन, पाइप, सगळं दिसतंय, वर नुसता दिवा आणि रुंद हँडल. इंजिन दोघींचं एकच. दुसरीला पोरं ‘नेकेड’ म्हणायची, पण सासऱ्यांसमोर तो शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. म्हणून सासरी तिला उघडी म्हणायचे आणि पहिलीला झाकलेली. सासूबाईंचं मत अर्थातच झाकलेलीला होतं.

“दादा, मला यातलं काही समजत नाही,” साडू म्हणाला. “तुम्ही सांगाल ती फायनल.”

हे तो खरंच म्हणत होता, हाच मला त्याचा त्रास होता. आमच्या सासरी थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय मोठी खरेदी होत नाही. फ्रीज, मेव्हण्याचा कॉम्प्युटर, गच्चीवरची टाकी, सगळ्याला माझी मान हलावी लागते. पैसे कोणी माझ्याकडे मागत नाही, कारण ते नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. मान तेवढी आहे. आणि गाड्यांच्या बाबतीत तर मी घरातला पंडित.

या पंडिताची पोथी सयाजीगंजात मिळायची. माझी कचेरी तिथंच, आणि स्टेशनकडे जाताना एक रद्दीवाला फुटपाथवर परदेशी मासिकं मांडून बसायचा. जुनी, पण गुळगुळीत कागदाची. पंधरावीस वर्षं मी ती वाचत आलो. कोणत्या गाडीचा टॉर्क किती, व्हीलबेस किती, हे मला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं पाठ होतं. चालवायला मात्र शंभर सीसीची, लग्नानंतर घेतलेली, किक मारून सुरू होणारी.

आमच्या घराण्याला घोड्याचा अभिमान आहे. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांना सरकारातून घोडा मिळाला होता. घोडा कोणी पाहिलेला नाही, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्याचा उल्लेख महिन्यातून एकदा तरी होतो. अशा घरातला मी कचेरीत कारकून, आणि पंप विकणाऱ्याच्या दारात साडेसहाशे सीसी येणार. पोटात दुखलं. साधंसुधं नाही, चांगलं आठवडाभर दुखलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा बाजारात गाड्याच चार होत्या आणि त्यांनाही नंबर लावावा लागायचा. तेव्हा बरं होतं. मिळत नाही म्हणून घेत नाही, असं ताठ मानेनं सांगता यायचं. मग देश खुला झाला. एकेक करून सगळं शोरूममध्ये येऊन उभं राहिलं, काचेमागे, दिव्याखाली. माझ्या हातातली सबब गेली. आता मिळत होतं, आणि तरी माझ्याकडे नव्हतं.

मला हवी होती फेअरिंगवाली. लाल रंगाची. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ती इतक्या वेळा मनात चालवली होती की ती माझीच आहे असं मला वाटायला लागलं होतं. साडू करजणहून तिच्यावर बसून येईल, सुभानपुऱ्यात सासरच्या फाटकाशी ती उभी करेल आणि मी तिच्याशेजारी माझी शंभरची लावेन, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की जेवण जाईना.

म्हणून मी सांगितलं, उघडी घ्या.

रविवारी सगळे सुभानपुऱ्यात जमले होते. सासरे आरामखुर्चीत, बायका दिवाणावर, साडू खाली चटईवर दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं पसरून. मी शहाणपण पाजळायला सुरुवात केली. प्लास्टिकचं कवच एकदा तडकलं की नवं यायला महिने लागतात. गावातल्या गर्दीत इंजिनाची गरम हवा फेअरिंगमधून मांड्यांवर येते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. फेअरिंगवालीवर जरा ओणवं बसावं लागतं, दुकानदाराच्या पाठीला ते झेपत नाही. रुंद हँडल गावात वळवायला सोपं. आणि उत्तरायणात काय करणार? पतंगाच्या दोऱ्यानं गळे कापतात म्हणून आपण सगळे जानेवारीत हँडलला तारेची कमान लावतो. ती उघडीला सहज बसते, फेअरिंगवालीला लावायची कुठं?

तारेच्या कमानीनं सासूबाईंचं मत फिरलं. गळ्याचं नाव निघाल्यावर प्रश्नच मिटला.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट मी बोललो नाही. साडूचं घर सुभानपुऱ्याच्या पुढे आणि दुकान करजणला. म्हणजे रोज हायवेवरून जाऊन-येऊन सत्तरएक किलोमीटर, ट्रकांच्या रांगेतून. हायवेवर वेगात छातीवर येणारा वारा अडवायलाच ते कवच आणि ती काच असते. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी पहिल्या वाक्यात हेच सांगितलं असतं. त्याला नाही सांगितलं. मूग गिळून बसलो आणि सासऱ्यांनी मागवलेला चहा प्यायलो.

“बराबर,” साडू म्हणाला. त्यानं झाकलेलीचं माहितीपत्रक घडी करून बाजूला ठेवलं. ठेवताना तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला, ते मी पाहिलं. म्हणजे त्यालाही तीच हवी होती. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहायला हवं.

शोरूमला आम्ही दोघंच गेलो. विक्रेता गुजराती, उत्साही. “साहेब, बेसी तो जुओ,” असं म्हणत त्यानं साडूला आधी लाल फेअरिंगवालीवरच बसवलं. साडू उतरला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही पण बसा ना.” मी बसलो. काचेतून पलीकडचा रस्ता दिसत होता. टाकीला पोट टेकलं. दोन मिनिटं मी तसाच बसून राहिलो, आणि साडू शेजारी माझी पिशवी धरून उभा होता. मग मी उतरलो आणि विक्रेत्याला म्हटलं, “आम्हाला उघडी हवी आहे, काळी.” साडूनं मान डोलावली.

गाडी आली, पेढे वाटले गेले. पोटदुखी थांबेल असं मला वाटलं होतं, ती थांबली नाही. उघडी तर उघडी, तीही सुंदरच होती. इंजिनाची ती दोन नळकांडी, चारी बाजूंनी दिसणारी, हे मासिकातल्या फोटोत कळलं नव्हतं. सिग्नलला लोक साडूला थांबवून विचारायचे, केटला सीसी, केटलुं चाले. मेव्हणी मागे बसून फिरायला लागली. माझी बायको एकदा सहज म्हणाली, “ताठ बसतात ते, छान दिसतात.” मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो.

मग थंडी पडली. साडू भेटला की डोळे लाल दिसायचे, मान आखडलेली. हेल्मेटखाली मफलर, छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, “हायवेवर जरा वारा लागतो, पप्पा. सवय थई जशे.” माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. कुरकुर केली असती तर मला उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे तयार होतं. त्यानं केलीच नाही.

उत्तरायणाच्या आदल्या रविवारी पुन्हा सगळे सासरी. साडू सकाळी दुकान उघडून थेट करजणहून आला होता. जेवणाला अवकाश होता. तो मला फाटकाबाहेर घेऊन गेला. गाडीच्या हँडलवर तारेची कमान लावली होती, ती त्यानं हलवून दाखवली. मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

“तुम्ही अजून एकदाही चालवली नाही. तुमच्यामुळे घेतली, आणि तुम्हीच नाही म्हणजे काय. चालो, मी मागे बसतो.”

मी शंभर सीसीच्या वर आयुष्यात काही चालवलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. किल्ली परत करावी, गुडघा दुखतोय म्हणावं, असं मनात आलं. पण पंडितगिरी आड आली. शिवाय हवीच होती मला ती. मी बसलो.

सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे, तिथपर्यंत नीट गेलो. सरळ रस्त्यावर मोठ्या गाडीचं वजन कळत नाही. मला वाटलं, यात काय एवढं. प्लॉटच्या टोकाला वळवायला घेतली. वेग अगदी कमी, हँडल पूर्ण वळलेलं, समोर कुत्रं आलं आणि मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी बसकण मारल्यासारखी डाव्या बाजूला गेली. मी पाय टेकवला, पण दोनशे किलो पायानं थांबत नाहीत. साडू मागून उडी मारून उतरला आणि माझा पाय खाली सापडू नये म्हणून त्यानं गाडी खालून धरली. जिथं हात पडला तिथं सायलेन्सरचा पाइप होता, करजणहून तापून आलेला. त्यानं हात सोडला नाही. मी पाय बाहेर काढल्यावर सोडला.

गाडी आडवी झाली. क्लचची दांडी वाकली, टाकीला पोचा आला. साडूनं उजवा तळवा उलटा करून पाहिला आणि मिटला.

“लागलं का तुम्हाला?” त्यानं मला विचारलं.

मला काही लागलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली, म्हणजे त्यानं केली, मी धरली. तो ती ढकलत निघाला. फाटकाजवळ आल्यावर मी म्हटलं, “मी सांगतो आत.” अगदी हळू म्हटलं. त्याला ऐकू आलं असावं.

सासरे ओसरीवरच उभे होते. त्यांनी दांडी पाहिली, टाकी पाहिली. साडू त्यांच्या आधी बोलला. “माझ्याकडून पडली, पप्पा. दादांना वळवून दाखवत होतो, तोल गेला.”

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

मेव्हणीनं त्याच्या तळव्याला मलम लावून फडकं बांधलं आणि बांधताना त्याला बरंच काही सुनावलं. पानं वाढली गेली. श्रीखंड-पुरी होती. सासरे शाळेत मास्तर होते, जावयाला एकेरी बोलणार नाहीत, पण आवाज तोच शाळेतला. दोन मुलांचे बाप तुम्ही, झेपत नाही तर एवढं धूड घ्यायचं कशाला. साडू खाली बघून ऐकत होता. उजव्या हातानं खाता येत नव्हतं म्हणून त्याला चमचा दिला होता, तो त्यानं डाव्या हातात धरला होता.

“तुम्ही सांगा यांना,” सासरे मला म्हणाले. “तुमचं ऐकतात. त्यातलं तुम्हाला कळतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं. साडूनंही पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गंमतही नव्हती. मी काय सांगतो ते तो खरोखर ऐकायला थांबला होता.

“जड गाडी असली की वेग कमी असताना वळवणंच अवघड असतं,” मी म्हणालो. “हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कधी दाबायचा नाही. मागचा, तोही हलका.”

“बराबर आहे, दादा,” तो म्हणाला. “चुकलंच माझं.”

मेव्हणी म्हणाली, “भाऊजींकडून नीट शिकून घ्या जरा.” त्यानं मान हलवली आणि डाव्या हातानं श्रीखंडाचा चमचा तोंडाशी नेला. थोडं हनुवटीवर सांडलं, ते त्यानं फडक्यानं पुसलं. हे सगळं त्यानं किती सहज केलं याचा मला गाडीपेक्षाही जास्त हेवा वाटला, आणि तरी मी पुढच्या ब्रेकबद्दल आणखी दोन वाक्यं बोललो.